न दिसणं आणि नसणं : लहान आतड्याच्या तपासणीची गोष्ट



मागच्या व्याख्यानात आपण घड्यापाशी थांबलो होतो. समोर जमीन आहे आणि जमिनीवर घडा नाही. ‘घडा नाही’ हे आपल्याला कळलं कशानं? भाट्ट मीमांसक म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धि नावाचं स्वतंत्र प्रमाण मानायला हवं. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, डोळ्यांनाच ते कळतं, न दिसण्याची त्यांना फक्त मदत होते. भांडण जुनं आहे आणि मोठं आहे. पण एका अटीवर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो तिथे नाही असं म्हणता येत नाही. न दिसण्याला आधी योग्यता लागते. म्हणून शास्त्रात नुसती अनुपलब्धि म्हणत नाहीत, योग्यानुपलब्धि म्हणतात.

व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, “सर, घडा ठीक आहे. पण याचा उपयोग काय?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आज आपण अशा एका खोलीत शोधणार आहोत, जी खरोखरच काळोखी आहे, सहा मीटरच्या आसपास लांब आहे, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात आहे. लहान आतडं.

आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, औषधांचे नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो. या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या थोरल्या बहिणीमुळे. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. तिच्या परवानगीनं तिची हकिकत सांगतो आहोत. अक्का तेव्हा ७६ वर्षांची होती. दोन जिने चढली की धाप लागायची, चेहरा पांढराफटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातवर आलेलं. लोहाच्या गोळ्या झाल्या, रक्ताच्या दोन पिशव्या चढवून झाल्या, चार महिने बरे गेले आणि पुन्हा तेच. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, नॉर्मल. खालून दुर्बीण घालून पाहिलं, नॉर्मल. मग कॅमेऱ्याची ती कॅप्सूलही गिळवली. रिपोर्टवर लिहून आलं, ‘कोणताही दोष आढळला नाही.’ आणि मग घरात, दवाखान्यात, सगळीकडे एकच सूर लागला : वय झालं, जेवण कमी झालं, मनाला लावून घेते. तीन रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हटल्यावर अक्कालाही वाटायला लागलं, की आपलंच काहीतरी चुकतंय.

पण तिचं रक्त तर कमी होत होतं. ते कुठेतरी जात होतं. मग तीन तीन तपासण्यांना ते का दिसलं नाही?

त्यासाठी आधी शरीररचना समजून घेऊ. आपली अन्ननलिका, जठर, आणि जठरानंतर लगेच येणारा लहान आतड्याचा पहिला तुकडा, साधारण २५ सेंटिमीटरचा, ज्याला इंग्रजीत ड्युओडेनम म्हणतात, एवढा भाग तोंडावाटे जाणाऱ्या दुर्बिणीच्या टप्प्यात येतो. तोही पूर्ण नाही, बहुतेक वेळा त्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत. खालून जाणारी दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी, सगळं मोठं आतडं पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये डोकावू शकते. त्या टोकाला टर्मिनल इलियम म्हणतात. या दोन टोकांच्या मध्ये काही मीटर आतडं राहतं. ते सुटं आहे, वेटोळ्या घालून पडलेलं आहे, सतत हलतं आहे. ताठ दुर्बीण त्यात ढकलली तर ती पुढे जात नाही, वेटोळं फक्त ताणलं जातं. अक्काच्या पहिल्या दोन ‘नॉर्मल’ रिपोर्टांचा अर्थ एवढाच होता, की घराचं पुढचं दार आणि मागचं दार ठीक आहे. मधल्या माजघरात कोणी पाऊलच ठेवलं नव्हतं.

हे माजघर वैद्यकाला फार काळ बंद होतं. शरीराच्या आत पाहण्याची धडपड जुनी आहे. १८६८ साली जर्मनीत कुस्मॉल या डॉक्टरांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळगड्याच्या घशातून सरळ नळी घालून जठरापर्यंत जाऊन पाहिलं. पण सरळ नळी वळत नाही, आणि आतडं तर सगळं वळणांचंच. प्रकाशाला वळणावळणानं नेता येतं, हे काचेच्या केसासारख्या तंतूंनी शक्य झालं. १९५४ साली हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे दाखवणारा लेख लिहिला. तीन वर्षांत, १९५७ मध्ये, अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी त्यापासून लवचिक दुर्बीण बनवली आणि पहिल्यांदा ती स्वतःच्याच घशात घालून पाहिली. त्याच सुमाराला क्रॉस्बी यांची एक वेगळीच कॅप्सूल आली. दोरीसारख्या बारीक नळीला बांधलेली डबी रुग्णानं गिळायची, ती लहान आतड्यात पोहोचली की नळीतून हवा ओढायची, आत बसवलेलं पातं फिरायचं आणि अस्तराचा एक बारीक तुकडा कापून आणायचं. म्हणजे तुकडा हातात यायचा, पण तो कुठला ते डोळ्यांना दिसत नव्हतं. आंधळ्यानं विहिरीत पोहरा सोडावा तसं. तरीही अनेक वर्षं लहान आतड्याचं ज्ञान त्या पोहऱ्यानं आणलं.

माजघराचं दार उघडलं ते शतक बदलताना, आणि एकदम दोन बाजूंनी उघडलं. इस्रायलमध्ये गॅव्रिएल इड्डान नावाचे अभियंते क्षेपणास्त्रांच्या टोकाला बसवायच्या दृष्टियंत्रणेवर काम करत असत. त्यांनी आणि लंडनचे डॉक्टर पॉल स्वेन यांनी मिळून कॅमेरा, दिवा, बॅटरी आणि प्रक्षेपक एका गिळता येईल अशा कॅप्सूलमध्ये बसवले. स्वेन यांनी ती १९९९ मध्ये स्वतः गिळली. २००० साली त्याबद्दलचा लेख आला आणि २००१ मध्ये अमेरिकेत तिच्या वापराला परवानगी मिळाली. त्याच २००१ मध्ये जपानमध्ये हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांच्या दुर्बिणीची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

आधी कॅप्सूल. सुमारे २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड, म्हणजे मोठ्या व्हिटॅमिनच्या गोळीएवढी. आदल्या दिवशी पातळ आहार, पोट साफ होण्याचं औषध, रात्रभर उपास, आणि सकाळी पाण्याबरोबर ती गिळायची. पोटाला पट्टा बांधतात, त्यात चित्रं साठतात. माणूस हिंडू-फिरू शकतो. काही तासांनी हलकं खाऊही शकतो. कॅप्सूलला स्वतःची चाल नाही. आतडं अन्नाला जसं पुढे सरकवतं तसं तिलाही सरकवतं, आणि शेवटी ती शौचावाटे पडून जाते. सुरुवातीच्या कॅप्सूल सेकंदाला दोन चित्रं काढत आणि बॅटरी साधारण आठ तास पुरे. हिशेब करा : आठ तासांत ५७,६०० चित्रं. पुढे चित्रांचा वेगही वाढला आणि बॅटरीचा वेळही.

आता आपली अट इथे लावून पाहू. कॅप्सूलला काही दिसलं नाही. ‘असतं तर दिसलं असतं’ असं आपण केव्हा म्हणू शकतो?

पहिली गोष्ट, कॅप्सूल सगळीकडे पोहोचली का? काही माणसांत ती जठरातच तासन् तास रेंगाळते आणि लहान आतडं संपायच्या आत बॅटरी संपते. अशी तपासणी अपुरी असते. दुसरी, दृश्य स्वच्छ होतं का? पित्त, फेस, अन्नाचे कण, जुनं रक्त यांनी भिंत झाकली असेल, तर कॅमेरा तिथून गेला तरी त्यानं भिंत पाहिली असं होत नाही. तिसरी, वेग. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कॅप्सूल कधी कधी झपाट्यानं जाते, आणि तिला मागे वळून पाहता येत नाही. एखादी एकटी गाठ, एखादा लहानसा फुगवटा असा निसटू शकतो. चौथी, वेळ. लहान रक्तवाहिन्यांतून होणारा स्राव सतत होत नाही, नळाला गळती लागावी तसा थांबून थांबून होतो. म्हणून मोठा रक्तस्राव झाला असेल तर कॅप्सूल शक्यतो पहिल्या ४८ तासांत गिळवावी असं तज्ज्ञ सांगतात. तीन आठवड्यांनी पाहिलं तर गळतीच्या जागी कोरडी भिंत दिसेल.

पाचवी गोष्ट, जे शोधायचं ते या इंद्रियाच्या कक्षेतलं आहे का? कॅमेरा अस्तराचा पृष्ठभाग पाहतो. भिंतीच्या जाडीत किंवा बाहेरच्या अंगाला वाढणारी गाठ त्याला दिसेलच असं नाही. आपल्या जुन्या तर्कग्रंथांत पिशाचाचं उदाहरण येतं. जे स्वभावानंच दिसणारं नाही, त्याच्या न दिसण्यावरून ते नाही असं ठरवता येत नाही. भिंतीच्या बाहेरच्या गोष्टींसाठी वेगळं साधन लागतं : आतडं द्रवानं फुगवून केलेलं सीटी किंवा एमआरआय, ज्याला एंटेरोग्राफी म्हणतात.

आणि सहावी गोष्ट म्हणजे पाहणारा माणूस. सत्तावन्न हजार चित्रं डॉक्टर अर्ध्या-पाऊण तासात किंवा तासाभरात पाहतात. दोष त्यांतल्या दोनच चित्रांत असू शकतो. २०१३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी एक गमतीचा पण बोचरा प्रयोग केला. २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन देऊन फुप्फुसातल्या बारीक गाठी शोधायला सांगितल्या, आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीपेक्षा कितीतरी मोठं गोरिलाचं चित्र बसवून ठेवलं. २४ पैकी २० जणांना गोरिला दिसला नाही. ही माणसं निष्काळजी नव्हती. ती गाठी शोधत होती, म्हणून त्यांना गाठी दिसत होत्या.

आता अक्काच्या रिपोर्टकडे परत जाऊ. आम्ही तो पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत ‘कोणताही दोष आढळला नाही’. खाली, बारीक अक्षरांत तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं : कॅप्सूल जठरात साडेचार तास राहिली, आणि नोंद संपेपर्यंत ती मोठ्या आतड्यात पोहोचली नव्हती. म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग कोणी पाहिलाच नव्हता. लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. वाचणाऱ्यांनी वाचलं नव्हतं, आणि त्या वाचणाऱ्यांत आम्हीही होतो. आयुष्यभर वर्गात योग्यानुपलब्धि शिकवली, आणि घरातला कागद हातात आल्यावर पहिली ओळ वाचून तो घडी घालून ठेवला. याची आम्हाला आजही लाज वाटते.

इथे वैद्यकानं स्वतःच केलेली एक दुरुस्ती सांगण्यासारखी आहे. पचनमार्गातून रक्तस्राव होणाऱ्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत वरच्या आणि खालच्या दोन्ही दुर्बिणींना कारण सापडत नाही. पूर्वी अशा सगळ्यांना ‘अज्ञात रक्तस्राव’ अशा अर्थाचं नाव देत. कॅप्सूल आणि फुग्याची दुर्बीण आल्यावर ध्यानात आलं, की यांतल्या बहुतेकांचं कारण लहान आतड्यात सापडतं. म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पचनसंस्थेच्या तज्ज्ञांनी सुचवलं, की याला सरळ ‘लहान आतड्यातला रक्तस्राव’ म्हणावं, आणि लहान आतडं पूर्ण तपासूनही कारण मिळालं नाही तरच ‘अज्ञात’ म्हणावं. वरवर हा शब्दांचा खेळ वाटेल, पण तो तसा नाही. ‘अज्ञात’ म्हटलं की शोध थांबतो. ‘लहान आतड्यातला’ म्हटलं की पुढे कुठे शोधायचं ते कळतं.

इथपर्यंत आपण न दिसण्याबद्दल बोललो. आता उलट बाजू पाहू. दिसलं म्हणजे कळलं का?

मायकेल पोलान्यी हे आधी वैद्यक शिकलेले, मग रसायनशास्त्रज्ञ झालेले आणि शेवटी तत्त्वज्ञ झालेले गृहस्थ. त्यांनी छातीचा एक्स-रे वाचायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं उदाहरण दिलं आहे. गुरूला चित्रात बरंच काही दिसतं, शिष्याला नुसत्या बरगड्या आणि सावल्या. काही आठवडे गेले की त्याच सावल्यांत शिष्यालाही आजार दिसायला लागतो. चित्र बदललेलं नसतं. आपल्याकडे नैयायिकांनी निर्विकल्पक आणि सविकल्पक असे प्रत्यक्षाचे दोन टप्पे मानले आहेत ते इथे आठवा. आधी नुसतं काहीतरी भासतं, मग ‘हे अमुक आहे’ असं कळतं. कॅमेरा पहिल्या टप्प्याचं साहित्य पुरवतो. दुसरा टप्पा माणसाला गाठावा लागतो.

आणि तिथे घसरायला भरपूर जागा आहे. एकदम निरोगी, कुठलीही तक्रार नसलेल्या माणसांना कॅप्सूल गिळवली, तरी दहातल्या एखाद-दुसऱ्याच्या आतड्यात बारीक ओरखडे दिसतात. दिसलेला प्रत्येक लाल ठिपका हा रोग नसतो. म्हणून डॉक्टरांनी रक्तस्रावाच्या शक्यतेप्रमाणे प्रतवारी केली. पी-शून्य म्हणजे यातून रक्त जाण्याची शक्यता नाही, पी-एक म्हणजे सांगता येत नाही, आणि पी-दोन म्हणजे दाट शक्यता. ‘सांगता येत नाही’ यासाठी अधिकृत खण ठेवणारं शास्त्र आम्हाला फार आवडतं.

चित्र ओळखायला मदत करते ती चित्राबाहेरची माहिती. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या रोज घेणाऱ्या माणसाच्या लहान आतड्यात ओरखडे, व्रण, कधी पातळ पडद्यांसारखे अडथळे तयार होतात. गोळी थांबवणं हा तिथला पहिला उपाय. पण गोळीचं कोणी विचारलंच नाही, तर तेच व्रण भलत्या आजाराच्या खात्यात जमा होतात. हृदयातली महाधमनीची झडप आकसलेली असेल, किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर रक्तवाहिन्यांचे फुगलेले ठिपके सापडण्याची शक्यता वाढते. अनवाणी शेतात काम करणाऱ्या माणसाच्या रक्तक्षयामागे आकडीसारखे हुकवर्म असू शकतात. कॅप्सूलमध्ये ते आतड्याला चिकटलेले दिसल्याची उदाहरणं आहेत, आणि साध्या शौच तपासणीत त्यांची अंडी त्याआधीच सापडू शकली असती.

गव्हाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. सीलिअ‍ॅक नावाच्या आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे तंतू झिजतात. दुर्बिणीतून पाहिलं तर घड्यांची कड शिंपल्यासारखी दातेरी दिसते. पण कित्येकदा सगळं छान दिसतं आणि आजार असतो. म्हणून रक्ततपासणीवरून किंवा लक्षणांवरून शंका असेल, तर अस्तर चांगलं दिसलं तरी ड्युओडेनममधून किमान चार आणि त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घ्यायचे असा दंडक आहे. मोठेपणी या आजाराची एकमेव खूण कधी कधी न भरून येणारा रक्तक्षय एवढीच असते. आणि एक सावधगिरी : कोणाचं तरी ऐकून आधीच पोळी सोडून ज्वारी-नाचणीवर आलेल्या माणसाचं अस्तर भरून येऊ लागतं, आणि तपासणी फसते. तपासणीआधी गहू सोडू नये.

पण आपल्या देशात खरी कसोटी लागते ती क्षयरोगाशी. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या कोपऱ्यात व्रण दिसले, की दोन नावं समोर येतात : आतड्याचा टीबी आणि क्रोन्स. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांचं वर्णन करून क्रोन्सला वेगळी ओळख दिली. त्याआधी अशा रुग्णांवर बरेचदा टीबीचाच शिक्का बसे. दोन्हींत पोटदुखी, ताप, वजन घटणं, व्रण, आकसलेलं आतडं. आडवे व्रण आणि उघडी राहिलेली झडप टीबीकडे बोट दाखवतात. लांबीच्या दिशेनं उभे व्रण, मध्येच निरोगी पट्टा सोडून पुन्हा व्रण, दगडी फरसबंदीसारखं अस्तर, हे क्रोन्सकडे. पण यांतली एकही खूण पक्की नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत हे व्यभिचारी हेतू आहेत. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहेच, असं म्हणता येतं. जिथे आडवा व्रण आहे तिथे टीबी आहेच, असं म्हणता येत नाही.

तुकडा काढला तरी प्रत्येक वेळी जंतू सापडत नाहीत. आणि चूक महाग पडते. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोन्सला टीबी समजून महिनोन् महिने टीबीची औषधं दिली, तर तेवढ्या काळात आतडं आकसत जातं. म्हणून जिथे ठरवताच येत नाही तिथे आपल्याकडचे डॉक्टर अनेकदा आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहतात. इथे एक बारकावा आहे. रुग्णाला बरं वाटलं, एवढं पुरेसं नाही, कारण बरं वाटणं क्रोन्समध्येही मध्येच घडतं. व्रण भरून आले का, ते पाहायचं. भरले तर टीबीच्या बाजूला वजन पडतं. नाही भरले, तर निदानाचा पुन्हा विचार करायचा, औषधाला दाद न देणारा टीबी आहे का तेही तपासायचं. म्हणजे इथे काळ हाच एक पुरावा होतो. एका चित्राला जे सांगता येत नाही, ते दोन चित्रांमधल्या फरकाला सांगता येतं.

आता राहिली फुग्यांची दुर्बीण. ती समजायला पायजम्याची नाडी आठवा. नाडी ओवताना आपण पिन पुढे ढकलतो, मग कापडाच्या चुण्या मागे ओढतो, पुन्हा पिन पुढे. यामामोतोंनी दुर्बिणीवर एक बाहेरची नळी चढवली आणि दोघींच्या टोकाला एकेक फुगा बसवला. फुगा फुगवला की आतड्याला आतून धरतो. एक फुगा धरून ठेवतो, दुसरा पुढे जातो, मग दोन्ही फुगवून मागे ओढायचं, की आतडं चुण्या पडून नळीवर गोळा होतं. असं करत करत तोंडातून किंवा खालून खूप आतपर्यंत जाता येतं. कॅप्सूल फक्त पाहते. ही दुर्बीण थांबते, मागे वळते, तुकडा काढते, रक्त वाहणारी जागा भाजून बंद करते. पण तिला वेळ लागतो, भूल लागते, आणि आतड्याला छिद्र पडणं किंवा स्वादुपिंडाला सूज येणं असे थोडे पण खरे धोके तिच्यात आहेत. म्हणून सहसा आधी कॅप्सूलनं जागा शोधतात, मग दुर्बीण कोणत्या बाजूनं घालायची ते ठरवतात.

कॅप्सूलही निर्धोक नाही. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर ती तिथे अडकते. रक्तस्रावाच्या रुग्णांत हे शंभरात एखाद-दोघांना होतं, माहीत असलेल्या क्रोन्समध्ये जास्त. पोट फुगणं, कळा, उलट्या असं अडथळ्याचं लक्षण असेल तर आधी सीटी-एमआरआय करतात, किंवा आपोआप विरघळणारी चाचणीची कॅप्सूल देतात. आणि कॅप्सूल पडून जाईपर्यंत एमआरआय करायचा नाही.

अक्काची दुसरी कॅप्सूल झाली. यावेळी शौच काळं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, आणि कॅप्सूल जठरात रेंगाळू नये याची काळजी घेऊन. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आधी कोणी न पाहिलेल्या पट्ट्यात, लाल शाईचे थेंब पडावेत तसे तीन ठिपके होते. फुगलेल्या रक्तवाहिन्या. खालून फुग्याची दुर्बीण घालून ते भाजून बंद केले. सगळं कायमचं मिटलं असं आम्ही म्हणणार नाही. असे ठिपके पुन्हा उद्भवतात, आणि अक्का दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासते. पण त्या दिवशी संगणकाच्या पडद्यावरचं चित्र पाहून ती जे बोलली ते आम्ही विसरलेलो नाही. ती म्हणाली, “म्हणजे मी नाटक करत नव्हते.”

त्या तरुण श्रोत्याला आमचं उत्तर हे आहे. ‘नॉर्मल’ असा कागद हातात आला, तर घाबरायचं नाही, भांडायचं नाही, पण चार साध्या गोष्टी विचारायच्या. कुठपर्यंत पाहिलं? कोलोनोस्कोपीत लहान आतड्याचं टोक पाहिलं का? कॅप्सूल शेवटपर्यंत गेली का, आणि दृश्य स्वच्छ होतं का? जी शंका होती ती या तपासणीत दिसण्यासारखी होती का? या प्रश्नांची उत्तरं समाधानकारक असतील, तर ‘नाही’ या शब्दावर खुशाल विश्वास ठेवावा. योग्यानुपलब्धि हे पक्कं प्रमाण आहे.

एक-दोन प्रश्न घेऊ.

“कॅप्सूल महाग असते. मग अशक्तपणा आला की प्रत्येकानं गिळायची का?” मुळीच नाही. आधी आहार, स्त्रियांमध्ये पाळीचा स्राव, जंत, दुखण्याच्या गोळ्या, सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी, मग दोन्ही बाजूंच्या दुर्बिणी. बहुतेकांचं कारण याच वाटेवर सापडतं. माजघराकडे वळायचं ते त्यानंतर.

“आता संगणकच चित्रं वाचतो म्हणे?” हो, संशयास्पद चित्रं निवडून देणारी साधनं आली आहेत आणि डॉक्टरांचा वेळ त्यांनी बराच वाचतो. थकणं हा दोष संगणकात नाही. पण ज्या भागात कॅप्सूल पोहोचलीच नाही, तिथलं चित्र त्याच्याकडेही नसतं. आणि अक्काला गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल विचारायला अजून माणूसच लागतो.

पुढच्या वेळी शब्दप्रमाणाकडे वळू : सांगणाऱ्यावर विश्वास केव्हा ठेवायचा. घरात कोणाचा जुना रिपोर्ट पडला असेल, तर तोपर्यंत तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून ठेवा.